कोमो सरोवराकडे गाडीने जाताना बोगदा टाळा

झुरिकहून इटलीतल्या कोमो सरोवराकडे स्वतः गाडी चालवत निघाला असाल, तर गोटहार्डचा जवळपास १७ किलोमीटरचा बोगदा टाळा. आत शिरलात की आल्प्स दिसणारच नाहीत! उन्हाळ्यात वरचा २,१०६ मीटर उंचीचा घाटरस्ता धरा. ऐरोलोकडे उतरताना ट्रेमोलाची जुनी, दगडी फरसबंदीची नागमोडी वळणं लागतात. ती सावकाश उतरण्यातच खरी मजा आहे. हिवाळ्यात मात्र घाट बंद असतो. स्विस महामार्गांसाठी ४० फ्रँकचं विन्येट, म्हणजे टोलचा पास, आधीच घ्या. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. सरोवराकाठचे रस्ते अरुंद, म्हणून गाडी लहानच बरी. मेनाज्जोहून बेलाज्जोला तर गाडीसकट फेरीबोटीनेच जा. गावात लाल वर्तुळाची ‘झेडटीएल’, म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्राची, पाटी दिसली की बाहेरच थांबा. कॅमेरा नंबर टिपतो, दंड नंतर घरी येतो.