बंडाची मांगा काढायची, तर सम्राट नंतर

बंडाची मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, काढायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच पानावर सिंहासन, ज्वाळा आणि दाढीवाला सम्राट काढून मोकळे होतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिली तीन प्रकरणं सम्राट काढायला बंदी आहे. साम्राज्य दिसायला हवं ते रोजच्या जाचातून.

एकच नियम ठरवा. समजा, सरकारी घंटा वाजली की बाजारात प्रत्येकाने गुडघे टेकायचे. पहिल्या प्रकरणात हे जाता जाता दाखवा: अंड्यांची टोपली सांभाळत खाली बसणारी मुलगी, आणि शेजारी घंटेआधीच सवयीने टेकलेली म्हातारी. 'किती हा अन्याय!' असलं वाक्य कुणाच्याही तोंडी नको. म्हातारीच्या गुडघ्यावरचं ठिगळ मात्र टाक्यांसकट काढा.

चौथ्या प्रकरणात पुन्हा तीच घंटा, आणि इथे सगळा खेळ पान उलटण्याचा. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून समोरासमोरच्या दोन पानांतली शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते. वाचकाला अडकवायचं ते तिथे. (मराठी वळणाने डावीकडून उजवीकडे काढत असाल, तर उजव्या पानाचा खालचा उजवा कोपरा.) त्या चौकटीत फक्त मुलीची मूठ आणि टोपलीची कड. पान उलटलं की दोन्ही पानं भरून एकच चित्र: अख्खा बाजार खाली, ती उभी. आधी प्रत्येक वेळी जाड अक्षरांत लिहिलेला 'टण्ण' इथे गाळा. मोबाइलवर पान उलटत नाही, तेव्हा मुठीखाली भरपूर कोरी जागा सोडा.

साम्राज्याच्या बाजूचा एक माणूस वाचकाला आवडलाच पाहिजे. रियोको इकेदा यांच्या १९७२ साली सुरू झालेल्या 'रोझ ऑफ व्हर्साय' या मांगातली ऑस्कर फ्रान्सच्या राजघराण्याच्या पहाऱ्यावर असते आणि १७८९ साली पॅरिसच्या बास्तील तुरुंगावरच्या हल्ल्यात लोकांच्या बाजूने उभी राहते. हे पटतं, कारण तोवर आपणही तिच्यासोबत राजवाड्यात वावरलेलो असतो. तुमच्या घंटा वाजवणाऱ्या शिपायालाही एक प्रकरण द्या. वाजवून वाजवून त्याच्या कानांत दडे बसलेत, एवढंही पुरे.

मुलगी उभी राहिली की पुढच्याच पानावर त्याची किंमत दाखवा, आणि ती म्हातारीने मोजलेली असू द्या.

शाई लावण्याआधी रद्दी कागदावर कच्ची पानं काढून, दुमडून कुणाच्या तरी हातात द्या आणि त्याच्या बोटांकडे बघत बसा. त्या कोपऱ्याशी येताच बोट पान उलटायला सरसावलं नाही, तर कोपऱ्यातली चौकट बदला. मोठ्या चित्राला हात लावू नका.