कीलेस गाडी वापरताय? या चुका टाळा

कीलेस गाडी, म्हणजे किल्ली खिशात असली की हँडलला हात लावताच उघडणारी आणि बटणावर सुरू होणारी. ती घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकच प्रश्न विचारतो: रात्री किल्ली कुठे ठेवता? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. दाराशेजारच्या खुंटीला, नाहीतर शू रॅकवर. गाडी पोर्चमध्ये, म्हणजे किल्लीपासून चार पावलांवर. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती सांगून सांगून मी थकलोय.

तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी साधारण 125 किलोहर्ट्झवर किल्लीला हाक मारते. ही हाक जेमतेम दीड-दोन मीटर पोचते. ती ऐकू आली की किल्ली बहुधा 433 मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर पाठवते. उत्तर बरोबर आलं म्हणजे किल्ली जवळच आहे, असं गाडी धरून चालते. चोर नेमका याचाच फायदा घेतात. एक जण गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर अँटेना घेऊन, आणि गाडीची हाक यंत्राने घरातल्या किल्लीपर्यंत पोचवली जाते. कोड फोडावाच लागत नाही. त्यामुळे “आमच्या किल्लीचा कोड दर वेळी बदलतो” याला इथे काही अर्थ उरत नाही. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली आठ कंपन्यांच्या 10 गाड्यांवर हे करून दाखवलं. दहाही फसल्या.

सिंहगड रस्त्यावरचे एक काका सेंट्रल लॉकिंग तपासायला गाडी घेऊन आले होते. पोर्चमधल्या गाडीतून लॅपटॉपची बॅग गेलेली, काच शाबूत, दाराला ओरखडा नाही. घरात सगळ्यांनी मुलाला धरलं होतं, की तूच लॉक करायला विसरलास. पोरगं रडकुंडीला आलेलं. लॉकिंग मी दोनदा तपासलं, उत्तम होतं. मग समोरच्या बंगल्याचा कॅमेरा बघायला सांगितलं. त्यात एक माणूस पिशवी भिंतीला टेकवून दाराशी उभा, दुसरा गाडीजवळ, आणि इंडिकेटर आपोआप लुकलुकले. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला किल्लीची खुंटी. “अहो, पण किल्ली घरातच होती!” काका सारखं म्हणत होते. गाडी वाचली हे नशीब. एकदा इंजिन सुरू झालं की किल्ली मागे राहिली तरी गाडी फक्त इशारा देते, बंद पडत नाही. भर रस्त्यात बंद पडली तर अपघात होईल, म्हणून ती तशीच बनवलेली असते.

माझी सवय सांगतो. किल्ली आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा आणला की तो घेऊन गाडीजवळ उभं राहायचं आणि हँडल ओढून बघायचं. दार उघडलं तर डबा बदला. बाजारात मिळणाऱ्या सिग्नल रोखणाऱ्या पाऊचचीही हीच परीक्षा दर महिन्याला घ्या, कारण घडीवर त्याचं अस्तर फाटतं. घाईघाईने फॉइल गुंडाळणाऱ्यांच्या घडीत फट राहते आणि काम तिथेच फसतं. दुसरी किल्लीसुद्धा डब्यात हवी, हे तर हमखास विसरलं जातं. काही गाड्यांत कीलेस सोय बंद करता येते. मॅन्युअल एकदा तरी उघडा. नवी गाडी घेताना किल्ली अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्रावर चालते का विचारा. त्यात सिग्नलला लागलेल्या वेळेवरून किल्लीचं अंतर मोजता येतं.

दुसरी चूक बघून माझं डोकं फिरतं: साध्या किल्लीच्या गाडीला बाहेरून बसवलेलं स्वस्त बटण-स्टार्ट किट. मूळ किल्लीतली चिप गाडीने ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, हे इमोबिलायझरचं काम. किट बसवणारे बरेचदा दुसऱ्या किल्लीची चिप काढून स्टिअरिंगखाली टेपने कायमची चिकटवतात. म्हणजे ओळख पटवणारी वस्तू चोवीस तास गाडीतच! मग फक्त त्या किटच्या रिमोटवर भरवसा. असं वायरिंग उघडलं की मी आधी मालकाला बोलावून ती चिप दाखवतो. तासाभरात बटण हवं म्हणून गाडीची मुख्य सुरक्षा काढून टाकायची, हे मला कधीच पटणार नाही. असं काम मी करत नाही, मागणी कितीही असो.

रिमोट दाबून पाठ फिरवू नका. जॅमरने लॉकचा सिग्नल अडवता येतो. इंडिकेटर लुकलुकले आणि लॉक लागल्याचा आवाज आला का बघा, मगच निघा.

डबा वापरला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. हेडलाइटमागच्या वायरमधून गाडीच्या कॅन नेटवर्कमध्ये (गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडणी) खोटे संदेश घुसवून गाड्या चोरल्याचं 2023 मध्ये उघड झालं. त्याला किल्लीची गरजच नसते. म्हणून मी स्टिअरिंगला लोखंडी लॉक लावतोच. जुनाट दिसतं म्हणून तरुण मंडळी नाक मुरडतात, पण ते कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो.

सेकंड हँड गाडी घेतलीत तर जुन्या किल्ल्यांची नोंद सर्व्हिस सेंटरमध्ये पुसून घ्या आणि हातातल्या दोन्ही किल्ल्या नव्याने नोंदवा. एकच किल्ली देणाऱ्याकडे दुसरी मागा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मागते.