मासे घरात असतानाच प्लांटेड टँक नव्याने कसा लावायचा

माझा प्लांटेड टँक, म्हणजे खरी झाडं लावलेला माशांचा टँक, दोन फुटी, २४ बाय १२ बाय १५ इंच, काठोकाठ भरला तर ७० लिटर. तीन वर्षं हात लावला नव्हता, त्यामुळे मागे लावलेली व्हॅलिसनेरिया (गवतासारखी लांब पानांची वनस्पती) चालत चालत पुढच्या काचेला येऊन टेकली होती, ड्रिफ्टवूड (सजावटीचं लाकूड) दिसतच नव्हतं आणि मासे कुठे आहेत हे फक्त खाणं टाकल्यावर कळायचं. मग एका रविवारी सगळं काढून परत लावलं. तुम्हालाही करायचं असेल तर वाचा, फक्त एकच अट आहे, पूर्ण दिवस मोकळा ठेवा, दुपारी लग्नाला जायचंय आणि सकाळी टँक उपसलाय असं करू नका.

सगळ्यात आधी फिल्टरबद्दल, कारण मी पहिल्यांदा असं केलं होतं तेव्हा तिथेच माती खाल्ली होती. सगळं चकाचक करायचं म्हणून फिल्टरचा स्पंजपण नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. टँक इतका सुंदर दिसत होता की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहा निऑन टेट्रा वर तरंगत होते. झालं काय, तर माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया त्या मळकट स्पंजमध्ये आणि सिरॅमिक रिंगमध्ये राहतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्यासाठी विष असतं. परत तेवढे बॅक्टेरिया तयार व्हायला काही आठवडे लागतात. वाळू, झाडं, दगड काहीही बदला पण फिल्टरला त्या आठवड्यात हात लावायचा नाही. फारच गच्च झाला असेल तर टँकच्याच जुन्या पाण्यात बादलीत दोनदा दाबून काढायचा, बास.

आता तयारी. ही आदल्या आठवड्यात करायची. एका वर्तमानपत्रावर स्केचपेनने २४ बाय १२ चा चौकोन आखा, आणि त्यात दगड-लाकूड मांडून बघा. चहा पिता पिता सरकवा, परत बघा. मी चार दिवस तो कागद हॉलमध्ये तसाच ठेवला होता, घरचे वैतागले, पण फायदा झाला कारण पहिल्या दिवशी भारी वाटलेली मांडणी तिसऱ्या दिवशी दगडांचं दुकान वाटायला लागली. मोबाईलवर समोरून फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करा, कुठे जड झालंय आणि कुठे रिकामं आहे ते लगेच दिसतं. मोठा दगड बरोबर मध्ये ठेवू नका, थोडा डावीकडे किंवा उजवीकडे, आणि सगळे दगड एकाच जातीचे घ्या. प्लांटेड टँकची ही जपानी पद्धत ज्यांनी जगभर नेली ते ताकाशी अमानो, २०१५ मध्ये गेले, त्यांच्या टँकचे फोटो शोधून बघाच, किती कमी सामान असतं त्यात.

दगड कुठला? आपल्याकडचा काळा पाषाण मस्त चालतो, पाण्यात काही सोडत नाही. पण त्यात पांढऱ्या शिरा असतील तर त्यावर लिंबू पिळून बघा, फसफसला तर त्यात चुना आहे, तो दगड पाणी जड करत राहणार. शहाबादी फरशीचे तुकडे फुकट मिळतात म्हणून टाकू नका, तो चुनखडीचाच दगड आहे. मार्बल नको, शंखशिंपल्यांचा चुरा असलेली समुद्राची वाळूपण नको. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ते आधीच जड असतं, त्यात अजून भर कशाला. नवीन ड्रिफ्टवूड मोठ्या पातेल्यात तासदोन तास उकळा आणि मग बुडेपर्यंत बादलीत ठेवा. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, ते लाकडातून उतरलेलं टॅनिन, माशांना त्याचं काही होत नाही. पातेलं मात्र स्वयंपाकघरातलं घेऊ नका, मी घेतलं आणि अजून ऐकतोय.

वाळूचा हिशोब सोपा आहे. पुढे ३ सेंटीमीटर आणि मागे ८, असा चढ ठेवला की खोली वाटते. दोन फुटी टँकला साधारण १० लिटर वाळू लागते, म्हणजे १५ किलोच्या आसपास. नवीन अ‍ॅक्वासॉईल (टँकमधल्या झाडांसाठीची खतवाली दाणेदार माती) घ्यायचा मोह होतो, झाडं त्यात जोरात वाढतात हे खरंय, पण बऱ्याच अ‍ॅक्वासॉईल सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतात. मासे त्याच संध्याकाळी परत टाकायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे, धुतलेली सिलिका वाळू घ्या आणि झाडांच्या मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या, खोचा. अ‍ॅक्वासॉईल पाहिजेच असेल तर माशांची महिनाभर दुसरीकडे सोय करा.

रविवारी सकाळी. माशांना आदल्या दिवसापासून खाणं बंद. प्लग काढा, हीटर असेल तर तो पाण्याबाहेर काढायच्या आधी अर्धा तास थंड होऊ द्या नाहीतर काच तडकते. नळीने स्वच्छ पाणी दोन मोठ्या बादल्यांत काढून घ्या, एकीत मासे, एअर पंप आणि वरून जाळी किंवा ताट (मासे उडी मारतात, आणि नेमके तुम्ही चहा करायला गेलात की मारतात), दुसरीत फिल्टर चालू करून ठेवायचा. तो बंद राहिला तर आतले बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय काही तासांत मरायला लागतात. झाडं काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. मासे काढायच्या आधी जुनी वाळू ढवळायची नाही, कारण खालच्या थरात सडक्या अंड्याचा वास मारणारा वायू साठलेला असू शकतो, आणि तो माशांना घातक असतो. आणि वाळू किंवा पाणी असताना टँक उचलू नका, कडेचं सिलिकॉन तिथेच सुटतं.

रिकाम्या टँकमध्ये आधी मोठे दगड, खाली पातळ प्लास्टिकची शीट घालून, मग भोवती वाळू. वाळूवर दगड ठेवला तर खालून उकरला जाऊन कलंडू शकतो. मग स्प्रे बाटलीने वाळू ओली करायची आणि झाडं लावायची, पाणी भरायच्या आधीच.

लावायची पद्धत नीट सांगतो कारण इथेच झाडं वर येतात. क्रिप्टचं (क्रिप्टोकोरीन नावाच्या पाणवनस्पतीचं) रोप घ्या, मुळं दोन बोटांएवढी ठेवून बाकीची कात्रीने कापा, लांब चिमट्यात मुळांचं टोक पकडा, तिरकं आत घाला, आत गेल्यावर चिमटा सैल करून किंचित हलवत बाहेर काढा. सरळ वर ओढलात तर रोप चिमट्याबरोबरच बाहेर येतं. पानं जिथून फुटतात तो भाग वाळूच्या वर दिसला पाहिजे. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं जाड खोड मात्र अजिबात पुरायचं नाही, सडतं, ते लाकडाला काळ्या शिवणदोऱ्याने बांधा. रोटालासारखी उंच काडीची झाडं एकेक काडी सुटी करून मागे, बोटभर अंतर सोडून. गंमत म्हणजे क्रिप्टच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांच्या कडेला उगवतात, आणि दुकानात ज्या मिळतात त्या बहुतेक श्रीलंकेच्या.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि पाणी त्या पिशवीवर हळू सोडा. घाई केलीत तर सगळा चढ सपाट. साठवलेलं जुनं पाणी निम्मं आणि निम्मं नवीन, नव्यात अँटी-क्लोरीन घालूनच. तापमान हात घालून जुळवून बघा, मग फिल्टर लावा आणि मग मासे सोडा.

पुढचे दोन आठवडे जरा सांभाळायचे. लाइट फक्त सहा तास, टायमर लावा नाहीतर विसरायला होतं. खाणं नेहमीच्या निम्मं. आठवड्यातून दोनदा ३० टक्के पाणी बदला, आणि अमोनिया टेस्ट किट घ्या. शून्य सोडून काहीही दिसलं की त्याच दिवशी पाणी बदला. क्रिप्टची पानं चिखलासारखी वितळतात, घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात, तीनचार आठवड्यांत नवीन पानं येतात. लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येईल, वाळूवर तपकिरी शेवाळ येईल. दोन्ही बहुतेक आपोआप जातात, तोपर्यंत जुन्या टूथब्रशने पुसा.

रोटाला पाण्याच्या वर पोचली की मधोमध कापायची. खालचा बुंधा तिथेच राहू दे, त्याला दोन फुटवे येतात, आणि कापलेला शेंडा शेजारी खोचायचा. माझी पहिली कापणी सहाव्या आठवड्यात झाली आणि शेंडे इतके निघाले की अर्धे बरणीत घालून खिडकीत ठेवलेत, तिथेही वाढतायत.