ट्युनिशियाच्या राजकारणाची बातमी वाचायची कशी

ट्युनिशियाची बातमी वाचायला घेतली की पहिल्या दोन ओळीतच गाडी अडते कारण तिथे माणसांच्या ऐवजी जागांची नावं असतात, कार्थेज नाराज, कस्बात हालचाली, बार्दोत गोंधळ असं काहीतरी. तर आधी ह्या तीन जागा डोक्यात पक्क्या करा. कार्थेज म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा, कस्बा म्हणजे पंतप्रधानांचं ऑफिस आणि बार्दो म्हणजे संसद. तिन्ही राजधानी ट्युनिस आणि त्याच्या आसपासच आहेत.

मग बातमीची तारीख बघा. हे सोडून पुढे जाऊच नका, कारण देश एकच असला तरी स्वातंत्र्यानंतर राज्यघटना तीन होऊन गेल्यात, १९५९ ची, २०१४ ची आणि २०२२ ची, आणि प्रत्येकीत खरी पॉवर वेगळ्या जागी आहे. ऑनलाइन बरेच जुने लेख २०१४ ची व्यवस्था अजून चालू आहे असं धरून लिहिलेले सापडतात, मी पण आधी तेच वाचून गंडलो होतो.

१९५९ ची सोपी आहे, सगळं कार्थेजकडे. हबीब बुर्गिबा १९७५ मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले, ७ नोव्हेंबर १९८७ ला त्यांच्याच पंतप्रधानाने म्हणजे बेन अलीने डॉक्टरांकडून ते काम करायला असमर्थ असल्याचं सर्टिफिकेट घेऊन त्यांना घरी बसवलं, आणि १४ जानेवारी २०११ ला लोक रस्त्यावर उतरल्यावर बेन अली स्वतः सौदीला पळाला.

२०१४ च्या घटनेत मात्र थोडं थांबा, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच निघतं. २१७ जागांची संसद, निवडणूक पक्षांच्या याद्यांवर, त्यामुळे एकट्याला बहुमत मिळणं अवघड आणि आघाडी ठरलेली. राष्ट्राध्यक्ष जनता थेट निवडणार पण सरकार संसदेला जबाबदार, म्हणजे कार्थेज आणि कस्बाची रस्सीखेच घटनेतच लिहिलेली होती म्हणा ना. भांडण मिटवायला घटना न्यायालय नेमायचं होतं, एका वर्षात, पण कुणाची नावं घ्यायची ह्यावर पक्षांचं जमलंच नाही आणि ते कोर्ट कधी बसलंच नाही.

आता २५ जुलै २०२१. राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी आणीबाणीचं कलम ८० लावून पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की त्याच कलमात लिहिलेलं की त्या काळात संसद सलग चालू राहील आणि ३० दिवसांनी घटना न्यायालयाकडे दाद मागता येईल. पण कोर्टच नाही तर दाद कुणाकडे मागणार! माझ्या मते सईदना जेवढा दोष द्याल तेवढाच सात वर्षं खुर्च्या रिकाम्या ठेवणाऱ्या पक्षांनाही द्यायला हवा.

२०२२ च्या नव्या घटनेनंतरची बातमी असेल तर एकच प्रश्न विचारा, ह्याला नेमलं कोणी आणि काढू कोण शकतं? पंतप्रधान शब्द वाचला की आपल्या डोक्यात देश चालवणारा माणूस येतो, तो विचार काढून टाका. आता पंतप्रधान आणि मंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतात, तेच काढतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये नजला बुदेन आल्या, अरब जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान, ऑगस्ट २०२३ मध्ये गेल्या, मग हशानी, मग मदूरी, आणि मार्च २०२५ मध्ये सारा झाफरानी झेन्झरी. साडेतीन वर्षांत चौथं नाव. त्यामुळे "पंतप्रधान बदलले" ही हेडलाइन बघून लगेच धोरण बदललं असं समजू नका. नव्या घटनेचे शब्दही बघण्यासारखे आहेत, संसद आणि न्यायव्यवस्थेला आता "सत्ता" नाही तर "कार्य" म्हटलंय, म्हणजे मालक नाही, कामकरी. संसदेत १६१ जागा, यादीऐवजी एकेकट्या उमेदवाराची लढत, पक्ष बाजूला. वर ७७ जणांचं प्रदेशांचं दुसरं सभागृह आहे.

निकालाची बातमी आली तर टक्का वाचून हुरळून जाऊ नका, मतदान किती झालं ते शोधा. नव्या घटनेवरच्या २५ जुलै २०२२ च्या सार्वमतात जवळपास ९५ टक्के "हो" पण मतदान ३० टक्क्यांच्या आसपास, त्याच वर्षी डिसेंबरात संसदेच्या निवडणुकीला फक्त ११ टक्क्यांच्या आसपास. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईदना ९० टक्क्यांवर मतं पडली, मतदान २९ टक्क्यांच्याही खाली, आणि समोरच्या दोन उमेदवारांपैकी एक जेलमध्ये.

युजीटीटी हे नाव दिसलं तर ती कामगार संघटना आहे, १९४६ ची, पण नुसती पगारवाढीपुरती समजू नका, २०१३ च्या राजकीय पेचात मध्यस्थी केलेल्या ज्या चार संस्थांना २०१५ चा शांततेचा नोबेल मिळाला त्यातली ही एक.

आणि ट्युनिशियातल्या लोकांच्या सोशल मीडिया पोस्ट वाचून जनमत काढत असाल तर जरा जपून, सप्टेंबर २०२२ च्या डिक्री ५४ मध्ये (म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या हुकमात) खोट्या बातमीसाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे आणि विषय सरकारी अधिकारी असेल तर दुप्पट, त्यामुळे कोण गप्प आहे हेही मोजावं लागतं.