घराजवळचा एक डॉक्टर कसा धरावा

गुडघे दुखले की धंतोलीत हाडांचा डॉक्टर, छातीत जळजळलं की रामदासपेठेत हृदयाचा. नागपुरात मोठ्या डॉक्टरांची वाण नाही. पण घरातल्या सगळ्यांची प्रकृती ओळखून असलेला डॉक्टर फार थोड्या घरांना आहे. मी निवृत्त नर्स, मानेवाड्यात राहते. शेजारणी नेहमी विचारतात, म्हणून लिहिते.

डॉक्टर शोधायचा तो तब्येत ठणठणीत असताना, आणि घराजवळ. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला ऑटोतून शहरभर फिरवू नये. फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी किंवा डीएनबी ही पदवी असेल तर उत्तमच. एमबीबीएस होऊन वर्षानुवर्षं त्याच वस्तीत बसणाराही चालेल. पहिल्यांदा साध्या सर्दीसाठी जाऊन बघा. आधीचे आजार, चालू गोळ्या, घरात कुणाला शुगर किंवा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का, हे विचारतो का? विदर्भात सिकलसेलचं न विचारणारा डॉक्टर मी तरी धरणार नाही.

मग प्रत्येकाची वेगळी फाइल करा. सगळ्यात वर एकच कागद: गोळीचं नाव, डोस, कुणी आणि कधी सुरू केली. माझ्या सासूबाईंना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी एकाने दिलेली, गुडघ्यांसाठी वेदनाशामक दुसऱ्याने. दोन्ही मिळून किडनीवर ताण येतो. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच. आपापल्या जागी दोघंही बरोबर होते, पण दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारं कुणी नव्हतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी त्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि वेदनाशामक थांबवली.

स्पेशालिस्टकडे या घराजवळच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच जा, परत आल्यावर कागद त्यांना दाखवा. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, १९४८ पासून याच पायावर उभी आहे. आपल्याकडेही सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला होता. शहरात आपण ही पायरीच गाळतो, आणि मग मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत बालाघाट-छिंदवाड्याहून आलेला गंभीर रुग्ण आपल्या खोकल्यामागे रांगेत उभा राहतो. मला याचं फार वाईट वाटतं.

फी परवडत नसेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासा, तिथलेही कागद फाइलला लावा.

छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा ऊन लागून माणूस बरळायला लागला, तर मात्र आधी १०८ लावा. डॉक्टरांना फोन गाडीतून करा.