बुद्धपौर्णिमेला मचाणावर हरणं मोजायला जाताना

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवर प्राणी मोजायला लोकांना मचाणावर बसवतो. तिथे बसायला नंबर लागला, की जो तो वाघाचं विचारतो. मला मात्र त्या रात्रीचं खरं काम हरणांचं वाटतं. ज्यांच्यावर वाघ जगतो ती चितळं-सांबरं किती आली, सोबत पाडसं किती, हे नीट लिहून आणायचं आहे.

तुमचं गाव जंगलाला लागून असेल, तर तयारी आठवडाभर आधीच धरा. कठडा नसलेल्या विहिरीवर जाळी टाका, तहानलेली हरणं रात्री त्यात पडतात. कुत्री बांधून ठेवा. गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नका, आई बहुधा जवळच चरत असते. जखमी असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवा.

कपडे मातकट किंवा गडद हिरवे, पूर्ण बाह्यांचे. पहाटेसाठी पातळ चादर. पिण्याचं पाणी भरपूर न्या. दशम्या, गूळ-शेंगदाणे चालतील. लसणाची चटणी आणि अत्तर घरीच राहू द्या. खाणं डब्यात भरा. मागे एकदा आमच्याच मचाणावर वेफर्सची पुडी चुरचुरली आणि पाण्यापाशी आलेली सांबराची मादी तोंड न लावताच पाडसाला घेऊन वळली. ते अजून सलतं.

जनावरांची ओळख घरीच पक्की करा. चितळाच्या अंगावर जन्मभर ठिपके असतात. सांबर थोराड, गडद तपकिरी, मानेवर राठ केस. भेकर लहानखुरं, तांबूस, बहुधा एकटं, आणि कुत्र्यासारखं भुंकतं. नीलगाय, चौसिंगा यांना आपण हरणंच म्हणतो, पण ती कुरंगं, म्हणजे इंग्रजीतले अँटिलोप. त्यांची शिंगं गळत नाहीत. सांबराची गळतात, तीही बरेचदा याच उन्हाळ्याच्या दिवसांत. म्हणून बिनशिंगी सांबर दिसलं की लगेच मादीच्या रकान्यात टाकू नका. खात्री नसेल तर तसं लिहा.

तक्ता वन विभाग देतो. तुम्ही दोन पेन्सिली, पॅड आणि मनगटी घड्याळ घ्या, कारण मोबाईल बंदच ठेवायचा. टॉर्चही नको, चांदणं पुरतं. प्रत्येक कळपापुढे वेळ, नर, माद्या, पिल्लं आणि कुठल्या बाजूनं आला ते टिपा. तोच कळप तासाभरानं परत येतो आणि दुसऱ्यांदा मोजला जातो, ही चूक सगळ्यात जास्त होते. या आकड्यांवरून जंगलातली एकूण संख्या निघत नाही. त्यासाठी वनरक्षक ठरलेल्या रेषेवर चालत प्राणी आणि लेंड्या मोजतात. पण त्याच पाणवठ्याचे वर्षानुवर्षांचे तक्ते शेजारी ठेवले, तर कळप रोडावतायत का ते दिसतं.

सकाळी गाडी येईपर्यंत मचाण सोडू नका. तक्ता तिथेच सोपवा, आणि देण्याआधी रिकामे रकाने बघा. दोन ते चारच्या दरम्यान काहीच आलं नसेल तर तिथे शून्य लिहा. रिकाम्या रकान्यावरून जनावर आलं नाही की बघणाऱ्याचा डोळा लागला, ते कळत नाही.