वारा कुठून आला ते बघा: मुंबईतलं वादळ ओळखायची रीत

मुंबईत ‘वादळ आलं’ म्हणताना तीन निरनिराळ्या गोष्टी बोलल्या जातात: मे महिन्यात संध्याकाळी धूळ उडवत येणारा वळीव, भर पावसाळ्यातल्या झडी आणि अरबी समुद्रातलं चक्रीवादळ. वळवात हाती अर्धा तास असतो, चक्रीवादळात तीन-चार दिवस. त्यामुळे आधी आलंय काय ते ओळखायला हवं, आणि त्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे वाऱ्याची दिशा.

वळवापासून सुरुवात करू, कारण तोच सर्वांत बेसावध गाठतो. त्याचा काळ एप्रिलअखेरपासून मान्सून येईपर्यंत, आणि पुन्हा मान्सून माघारी फिरताना, ऑक्टोबरात. दुपारी खारे वारे दमट हवा आत नेतात. ती सह्याद्रीच्या उतारावर चढते, घाटमाथ्यावरच्या कोरड्या, तापलेल्या हवेला भिडते आणि ढग उभे वाढू लागतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर माथा ऐरणीसारखा पसरला की ढग पुरता तयार झाला. वरचे वारे पूर्वेचे असले तर हे ढग बदलापूर, कल्याण, ठाणे करत मुंबईकडे सरकतात. म्हणून मे महिन्यात दुपारी तीननंतर समुद्राकडे नव्हे, पूर्वेकडे नजर ठेवा. मुलुंडला काळोख झालेला असताना कुलाब्यात लख्ख ऊन असू शकतं.

वळवात पावसापेक्षा वाऱ्याचा पहिला झोत घातक. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतात, त्यामुळे हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हा झोत पावसाच्या पुढे धावतो. दिवसभर पश्चिमेकडून येणारा वारा एकाएकी पडला, कोंदटल्यासारखं झालं आणि मग पूर्वेकडून गार झुळूक आली, की हाती फक्त काही मिनिटं आहेत. 13 मे 2024 ला घाटकोपरमध्ये महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 जणांचा जीव गेला, ते अशाच धुळीच्या वादळात. अशा वेळी होर्डिंग, बांबूची परांची, पत्र्याची शेड आणि गुलमोहर यांच्याखाली थांबू नका. गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ असतं. घरात असाल तर पूर्वेकडच्या खिडक्या आधी लावा, कठड्यावरच्या कुंड्या आत घ्या.

विजेचं अंतर मोजायला घड्याळ पुरतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद किंवा कमी भरले तर आत या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. नेमकी चूक होते ती गच्चीवर: वाळत घातलेल्या कुरडया-पापड भिजतील म्हणून माणसं त्याच वेळी वर धावतात. ते दुपारीच आवरून ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं.

भर पावसाळ्यात गडगडाट कमी, वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, आणि संकट पाण्याचं. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की एकामागून एक ढग तिथेच रिते होतात. तेही सगळीकडे सारखे नाहीत: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 73. म्हणून आपल्या भागाचा आकडा बघा. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, 115.6 पासून ‘अति मुसळधार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत मुसळधार’. याच्या जोडीला भरतीची वेळ बघायलाच हवी. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीत नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, उलट आत ढकललं जातं. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. निघायचं असेल तर भरती उतरू द्या.

चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा उबदार समुद्र लागतो, आणि खालचे व वरचे वारे फार वेगळ्या दिशांचे असून चालत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे वाहतात, ढगांचा मनोरा वाकडा होऊन मोडतो. म्हणून अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबरातली. वारा ताशी 62 किलोमीटरला पोचला की त्याला नाव मिळतं.

केंद्र कुठे आहे हे घरच्या घरी कळतं. वारा जोरदार आणि एकसारखा असताना त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढे. खाऱ्या-मतलई वाऱ्यांवर ही युक्ती चालत नाही. वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि मग नैर्ऋत्येकडून येऊ लागला, तर वादळ तुमच्या पश्चिमेने उत्तरेला निघालंय आणि मुंबई त्याच्या उजव्या, जास्त जोराच्या बाजूला आहे. मे 2021 मधलं तौक्ते असंच समुद्रातून गेलं, तरी कुलाब्यात वाऱ्याने ताशी 100 किलोमीटर ओलांडले. उलट वारा आधी पूर्वेकडून आणि मग ईशान्येकडून येऊ लागला तर केंद्र दक्षिणेने जमिनीवर चाललंय. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आलं आणि मुंबई डाव्या बाजूला राहिली, म्हणून तडाखा रायगडला बसला. दिशा न बदलता जोर वाढत राहिला तर केंद्र सरळ तुमच्याकडे येतंय. मग वारा अचानक शांत झाला तरी दार उघडू नका; डोळा, म्हणजे वादळाचा शांत मध्य, पुढे सरकला की वारा विरुद्ध दिशेने पुन्हा सुटतो.

गच्चीवरचे सुटे पत्रे आणि टाकीची झाकणं आदल्या दिवशी दोरीने बांधा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे एरवी हलत नाही ते पत्र्याचं पानही उडतं. वरची टाकी आधीच भरून घ्या. वीज गेली की पंप बंद. पडलेल्या झाडासाठी किंवा तुंबलेल्या पाण्यासाठी महापालिकेचा 1916 क्रमांक मोबाइलमध्ये आजच साठवा.